सात फुल्या

परवा आमच्या कॉलनीच्या मागच्या रानात मळणीयंत्र आलं. आवाज सुरू झाल्याबरोबर आईनं दोरीवरचे कपडे ओढून आत आणले, पप्पांनी मागच्या खिडक्या लावून घेतल्या. तरी संध्याकाळपर्यंत फ्रिजवर, माठाच्या झाकणावर, माझ्या पुस्तकांच्या कडांवर ती पिवळट बारीक धूळ येऊन बसलीच. सोयाबीनची धूळ घशात खवखवते. दरवर्षीच खवखवते. पण आता ती आली की मला खोकल्याच्या आधी फोनच्या पडद्यावर एकाखाली एक उमटलेल्या सात फुल्या दिसतात.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी दर रविवारी दुपारी एक गोष्ट चालवत होते. गोष्ट चालवणं म्हणजे काय, हे घरी मला कधी नीट सांगता आलं नाही. आम्ही चौघी फोनवर जमायचो. एकीनं जग सांगायचं, उरलेल्या तिघींनी त्या जगातल्या तीन मुली व्हायचं. मुलगी काय करते ते जिनं तिनं ठरवायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशांवर सोडायचं. जग सांगणारी मी. पप्पांना वाटायचं मी कसला तरी ऑनलाइन क्लास घेते. मी त्यांना तसं वाटू दिलं.

त्या तिघींतली एक, वैष्णवी, वर्षभर घरात कुणाशी बोलत नव्हती. त्या खेळात ती बोलायला लागली, आणि माझ्यामुळं परत गप्प झाली.

मला स्वतःला बोलता येत नाही असं नाही. पण कुठल्या भाषेत बोलावं हे ठरेपर्यंत वेळ निघून जातो. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं बाईंच्या समोर वाक्य मनात जुळवेपर्यंत दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर होऊन जायचं. सुट्टीत येडशीला मामाकडं गेलं की मावस-मामे भावंडं म्हणायची, "ए, हिला मराठीत विचारू नका रे, इंग्लिश मिडीयमची हाय ती." सगळे हसायचे, मीही हसायचे. गप्प राहिलं की लोक तुमच्या वतीनं ठरवून टाकतात. हिला चहा नको असेल, हिला यायचं नसेल, हिला राग आला नसेल. मी त्याची सवय करून घेतली होती.

खेळ आणला ऋतुजानं. माझी शाळेतली मैत्रीण, आता पुण्यात नोकरीला. तिकडं ऑफिसातल्या मुलींबरोबर ती असले खेळ खेळायची. तिनं एक दिवस मला नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं आणि म्हणाली, "जग सांगायचं काम तू कर. तुला आवडेल. यात स्वतःबद्दल काहीच बोलावं लागत नाही." तिची हॉस्टेलमधली जुनी मैत्रीण सानिया कळंबहून फोनवर आली. सानिया पोलीस भरतीची तयारी करत होती, पहाटे मैदानावर धावायची आणि दुपारी आमच्या खेळात राक्षसांच्या तंगड्या मोडायची. वैष्णवीला मी बोलावलं. धाराशिवच्या कॉलेजात ती माझ्या वर्गात होती, शेवटच्या बाकावर, माझ्याशेजारी. दोघी गप्प, म्हणून शेजारी. दुसऱ्या वर्षाच्या मध्येच ती कॉलेज सोडून माकणीला घरी निघून गेली. घरी काहीतरी झालं, एवढंच कळलं. आमच्याकडं 'घरी काहीतरी झालं' असं कुणी म्हटलं की पुढं विचारत नाहीत. मीही विचारलं नाही, आणि त्याला मी माझा चांगुलपणा समजत होते.

पुस्तकातल्या गोष्टी परक्या शहरांतल्या होत्या. मी जग आपल्या इकडचं घेतलं. एक धरण, त्याच्या पाण्याखाली बुडालेलं एक गाव, आणि त्या गावात राहून गेलेल्या बायका. त्या बायका काठावर आलेल्या मुलींच्या हातात काचेच्या बांगड्या भरतात. बांगडी हातात असेपर्यंत मुलीकडं जादू. तिचे कपडे बदलतात, केस मोकळे होऊन चमकायला लागतात, ती पाण्यावरून चालते, गावावर येणाऱ्या काळ्या आकारांशी लढते. पण जादू केली की एक बांगडी फुटते. सगळ्या फुटल्या की ती मुलगी परत येत नाही. ती खाली जाते आणि त्या बायकांतली एक होते, पुढच्या मुलीची वाट बघत.

ऋतुजा म्हणाली, "हे फार काळोखं आहे."

सानिया म्हणाली, "मग काय झालं? फुकट कुनाला कायी मिळतंय का? मला आवडलं."

वैष्णवी काही म्हणाली नाही. पण पहिल्या रविवारी तिनं आपल्या मुलीचं नाव सांगितलं, काजळ, आणि तिचा पोशाख इतका बारकाईनं सांगितला की आम्ही तिघी ऐकत राहिलो. माशाच्या खवल्यांचा झगा, प्रत्येक खवल्यावर एकेक घर दिसतंय, घरात दिवा. तिच्याकडं फासे नव्हते. सानिया लुडोचे फासे स्टीलच्या ताटात टाकायची, आम्हाला ठण्ण असं ऐकू यावं म्हणून; मोबाईलमधल्या फाशांवर तिचा विश्वास नव्हता. वैष्णवीनं चिंचोके फोडून घेतले. पाच पाखं, म्हणजे अर्धे चिंचोके; जेवढी पांढरी बाजू वर तेवढे गुण. ती स्लॅबवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसायची, कारण घरात रेंज येत नव्हती. दुपारी घरची सगळी रानात, असं ती म्हणायची. तिच्या आवाजामागं नेहमी वारा असायचा.

पहिले दोन रविवार ती हळू बोलली. तिसऱ्या रविवारी काजळनं एका आकाराला धरणाच्या दारात कोंडलं तेव्हा वैष्णवी ओरडली, "हट! माज्या गावात न्हाय यायचं!" आणि मग तिचं तिलाच हसू आलं.

सानिया म्हणाली, "अगं बया, हिला आवाज हाय की!"

मग ते वाढतच गेलं. वैष्णवी सानियाला चिडवायची, "भरतीत पळायलीस का बसायलीस नुस्ती?" ऋतुजाच्या मुलीचं नाव इंग्रजी होतं म्हणून ती तिला मुद्दाम पुष्पा म्हणायची. मला म्हणायची, "मास्तरीणबाई, आज कुनाचा नंबर?" मास्तरीण हे नाव सानियानं ठेवलेलं. मला ते आवडायचं. रविवारी दुपारी मी दार लावून घ्यायचे आणि फोनसमोर माझा आवाज बदलायचा. शब्द अडत नव्हते. पुस्तक इंग्रजीतलं, पण वैष्णवीसाठी मी सगळं मराठीतून सांगत होते, आणि जी मराठी मामाच्या अंगणात कधी फुटली नाही ती तिथं आपोआप येत होती. तिघींचे श्वास ऐकू यायचे. मी थांबले की त्या थांबायच्या. असं आधी कधीच झालं नव्हतं.

त्या पुस्तकात एक पान होतं, खेळ सुरू करण्याआधीचं. प्रत्येकीला विचारा, गोष्टीत काय नको. तिनं सांगितलं ते लिहून घ्या आणि तिकडं जाऊ नका. शिवाय एक खूण ठरवा; ती आली की जग सांगणारीनं जिथं असेल तिथं थांबायचं, कारण विचारायचं नाही. आमची खूण होती फुली. ग्रुपवर नुसती फुली टाकायची.

मी तिघींना विचारलं. ऋतुजानं लिहिलं, साप नको. सानियानं लिहिलं, कुणाला जाळायचं नाही. वैष्णवीनं लिहिलं, 'माझं काय नाय. कायबी चालंल.'

मी वहीत तिच्या नावापुढं लिहिलं, 'काही नाही.'

याच्यावर मी किती विचार केला असेल, सांगता येणार नाही. कारण मी काही परदेशातून आलेली नव्हते. मला माहीत आहे की आपल्याकडं पाहुणा 'चहा नको' म्हणतो तेव्हा आतून आधण ठेवल्याचा आवाज येतो. एकदा विचारून कुणी थांबत नाही. जेवताना पहिलं 'बास' हे बास नसतं, दुसरंही नसतं. आणि मुलीची जात 'काहीही चालेल' असंच म्हणते. साडीच्या दुकानात म्हणते, स्थळ बघायला येतात तेव्हा म्हणते. तो शब्द म्हणजे उत्तर नव्हे. तो म्हणजे परत विचार असं सांगणं, आणि नाही विचारलंस तरी माझी तक्रार नाही असंही. मीसुद्धा आयुष्यभर तेच म्हणत आले होते. पण पुस्तकात लिहिलं होतं विचारा आणि लिहून घ्या. दुसऱ्यांदा विचारा असं त्यात नव्हतं. मी पुस्तकासारखं वागले.

सोयाबीन निघायचे दिवस होते. त्या रविवारी वैष्णवीच्या मागं वाऱ्याऐवजी यंत्राची घरघर होती, आणि तिचा आवाज मधूनमधून तुटत होता. "मळणी चाललीय खालच्या रानात," ती म्हणाली. "तुमचं येतंय मला. तुम्ही बोला."

काजळच्या हातात शेवटची बांगडी उरली होती. मी आठवडाभर त्या प्रसंगाची तयारी केली होती. एक आकार, ज्याला तोंड नाही, डोळे नाहीत. तो धरणाच्या काठावर नुसता पसरून पडतो. त्याचं कातडं काळं, गुळगुळीत, उन्हात तेलकट चमकणारं. हे मला मामाच्या शेततळ्यावरून सुचलं होतं. शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून काळं प्लास्टिक अंथरतात, काठापासून तळापर्यंत. लहानपणी मामा आम्हाला ओरडायचे, "तिकडं फिरकू नका. एकदा का पाय ठिवला, गेलं." तो घसरडा काळा उतार माझ्या मनात राहिला होता. मी त्यालाच जिवंत केलं.

त्या उतारावर, पाण्यात, मी एक लहान मुलगी ठेवली. दोन वेण्या, लाल रिबिनी. ती वर यायला बघते आणि तिचे हात घसरतात.

"काजळ," मी म्हणाले, "ती तुला बघते. 'आक्का' म्हणून हाक मारते. तुझी शेवटची बांगडी आहे. तू काय करतेस?"

वैष्णवीकडून काही आलं नाही. यंत्राची घरघरसुद्धा थांबली होती. मला वाटलं, ती विचारात पडली. ऋतुजा हळूच म्हणाली, "बाप रे, काय भारी." मी पुढं गेले. तळहात त्या कातड्यावर कसे चपचप वाजतात ते सांगितलं. नखं कशी ओढली जातात, पण त्या कातड्यावर ओरखडासुद्धा उठत नाही. तोंड पाण्याखाली जातं, वर येतं. आवाज अर्धाच येतो. मी पुन्हा विचारलं, "काजळ?" पुन्हा काही नाही. सानियाचे फासेसुद्धा ताटात वाजत नव्हते. मला आठवतं, मला त्या शांततेचा आनंद झाला. तिघी माझ्या शब्दांवर खिळल्यात, असं वाटलं.

नियम असा होता की खेळाडूनं उत्तर दिलं नाही तर गोष्ट थांबत नाही. मी म्हणाले, "काजळ काहीच करत नाही. ती काठावर उभी राहून बघते." मग मी एक रिबीन पाण्यावर तरंगत ठेवली आणि थांबले.

त्यानंतर फोन थरथरला. एक फुली. लगेच दुसरी. मग सगळ्या एकदम, एकाखाली एक, सात. त्यांच्यापुढं वेळ होती. पहिली फुली पंधरा मिनिटांपूर्वीची होती, मी रिबिनी सांगितल्या तेव्हाची. पंधरा मिनिटं त्या माकणीच्या स्लॅबवर अडकून पडल्या होत्या. तिचं आम्हाला पोचत नव्हतं; आमचं तिला सगळं ऐकू येत होतं.

मग ती कॉलवरून गेली.

तिला काय झालं, ते सानियाला ठाऊक होतं का, ऋतुजाला होतं का? नव्हतं. दोन दिवसांनी कॉलेजातल्या एका मुलीला मी मेसेज केला, वैष्णवीच्या घरी काय झालं होतं म्हणून. हे मी आधी वर्षभर कधीही विचारू शकले असते. तिनं एका ओळीत कळवलं. धाकटी बहीण, गौरी, नऊ वर्षांची. शेततळ्यात.

सानियाचा फोन आला. ती नेहमीसारखी मोठ्यानं बोलली नाही. "तू मुद्दाम न्हाय केलंस," ती म्हणाली. "पन आता फोनवर सॉरी-बिरी नको टाकू. जाऊन ये. मी येऊ का संगं?"

मी म्हणाले, एकटी जाते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाकडं न बोलावता जाणार होते.

माकणीला जायला मध्ये एकदा एसटी बदलावी लागते. दोन्ही बाजूंना सोयाबीनचे ढीग, ताडपत्र्या, यंत्रांची रांग, बसच्या काचांवर धूळ. घर शोधायला वेळ लागला नाही. वैष्णवीच्या आईंनी दारातच विचारलं, "क्लासच्या मॅडम का तुमी?"

"नाही काकू, मी मैत्रीण आहे तिची."

त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं; वैष्णवीनंही घरी क्लासच सांगितलेला दिसत होता. पाणी दिलं, चहा ठेवला, मी नको म्हणाले तरी ठेवला. मग पदरानं कपाळ पुसत माझ्यासमोर बसल्या. "मॅडम, एक सांगू का? तुमच्या क्लासमुळं पोरगी बोलायली व्हती बगा. वर्सभर तोंडातून शबूद न्हवता. माळवदावर बसून हसायची, आरडायची, आमी खालून ऐकायचो. तिचे अण्णा रविवारी मुद्दाम दुपारी घरी चक्कर मारायचे, नुस्तं ऐकायला. आता आट दिवस झाले, पुन्ना गप. तुमी रागावलाव का काय? चुकलं असंल तिचं तर माफ करा. पन क्लास चालू करा."

मी चहा संपवला आणि वैष्णवी कुठं आहे ते विचारलं.

वैष्णवी वर होती. स्लॅबभर सोयाबीन वाळत घातलं होतं, टाकीपर्यंत, तिच्या नेहमीच्या जागेवरसुद्धा. ती कडेला उभी राहून पायानं दाणे फिरवत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

मी बसमध्ये जुळवलेली वाक्यं म्हणाले. मला माहीत नव्हतं, मी विचारायला हवं होतं, मी पुन्हा विचारायला हवं होतं. ती पाय फिरवत राहिली. दाण्यांत ओळी उमटत होत्या.

"त्या दिवशी मी धाराशिवला व्हते," ती म्हणाली. "तुझ्याशेजारी बसलेले. इथं आले तवर सगळं झालं व्हतं. मी बघितलंच न्हवतं गं काय. तू दाखवलंस."

तिचा पाय थांबला.

"आन मला काठावर उभं केलंस."

खालून यंत्राचा आवाज येत होता. मी तो प्रश्न विचारला, जो विचारू नये असं मला वाटत होतं. "फुली पोचत नव्हती, तर कॉल का नाही बंद केलास?"

तिनं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "मला वाटलं तू काढशील तिला," ती म्हणाली. "तुझ्या हातात व्हतं की. गोष्टच तर व्हती. मी म्हणलं, आता काढंल, आता काढंल. म्हणून ऐकत राहिले."

या वाक्याला मी आजपर्यंत उत्तर शोधते आहे. दोन वर्षांत मला वेगवेगळी सुचली. आकार फाटतो, बांगडी फुटते, काजळ उडी मारते, पाण्याखालच्या बायका मुलीला वर ढकलतात. आठवडाभर तयारी करताना यातलं एकही मला सुचलं नव्हतं. मला भीती कशी वाढेल एवढंच सुचत होतं. काळोखी गोष्ट म्हणजे खरी गोष्ट, असा माझा समज होता. ज्यांच्या घरात काळोख घडून गेला आहे ते गोष्टीकडं कशासाठी येत असतील, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

"आता सांगू?" मी म्हणाले. "आता काढते तिला."

"नको," ती म्हणाली. "आता तू बोलायला लागलीस की मला पाणी दिसतंय."

मग तिनं चप्पल घातली. "चल, फाट्यापर्यंत येते. बस चुकंल."

वाट त्यांच्याच रानातून होती. सोयाबीन निघालेल्या जमिनीत बारीक टोकदार खुंट उरले होते, ते चपलेला टोचत होते. ती पुढं, मी मागं. शेततळं वाटेवरच होतं, हे मला जवळ गेल्यावर कळलं. मी थांबले. ती थांबली नाही. काठाच्या तारेच्या कुंपणातलं छोटं दार उघडून आत गेली. कुंपण नवं दिसत होतं. पाणी हिरवं, अगदी शांत, वर भुशाचा थर. काळ्या प्लास्टिकवरून एक जाड नायलॉनचा दोर काठापासून खाली पाण्यात गेला होता. दोराला गाठी मारलेल्या. हाताला धरायला.

गाठी फार जवळजवळ होत्या. मी विचारलं, "इतक्या जवळ कशाला?"

"अण्णांनी मारल्यात," वैष्णवी म्हणाली. "गौरीच्या हाताच्या मापानं. मोठ्या मानसाचा हात लांब जातो. तिचा एवढाच जायचा." तिनं हवेत हात थोडा पुढं केला आणि तिथंच धरला.

त्या घरात आता नऊ वर्षांचं कुणी नव्हतं.

ती वाकली. लोखंडी खुंटीला बांधलेला दोर दोन्ही हातांनी ओढून बघितला, खुंटी हलते का ते. "रोज बघती मी," ती म्हणाली. "कामाचा न्हाय आता. तरी बघती."

ती बाजूला झाली. मी पुढं होऊन दोर धरला आणि जोरात ओढून बघितला. घट्ट होता.